बोटाला लागलेला मध

परतूर, ता. १० जानेवारी १९५५

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

रजनीचा साखरपुडा माघ वद्य पंचमीला ठरला. मामानं भाचीचं तोंड गोड करायचं, मंग स्वतःचं, ही आपल्या घरची रीत. तुम्ही तर वहिनी बरी होईपर्यंत गोड खाणार नाही, असं देवापुढे बोलून बसलात. तिला जाऊन दीड वर्ष झालं. आता हा नवस फिटणार कसा? रजनी म्हणून राह्यली, की मामानं नुसती सुपारी चघळली तर तीही पेढा खाणार न्हाई. हट्टी, बिलकुल तुमच्यावर गेली. खोकला कसा आहे? आठवण असू द्यावी.

तुमची,
प्रेमला

वडीगोद्री, ता. १७ जानेवारी

चि. सौ. प्रेमला हिस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आनंद व्हायला हवा होता, हे कळतं. उठतो, पूजा करतो, भाकरी खातो, ज्वारी राखायला जातो. दिवस मावळतो.

शब्द देवाला दिलेला आहे. ती बरी झाली नाही, म्हणून तो संपतही नाही. मी मागे बसेन.

खोकल्यासाठी शेजारच्या सिराजोद्दीनने विहिरीवरच्या चिंचेचं पोळं उतरवून बाटलीभर मध दिला. ही दवाई आहे, मिठाई न्हाई, असं तो म्हणाला. म्हणून रोज चमचाभर चाटतो. माया करतेस, तशीच करीत राहा.

नरहर

परतूर, ता. २४ जानेवारी

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

नवस मोडा, असं मी म्हणणार न्हाई. पण तुमचा पाट पुढेच मांडणार. मध कसा लागतो, ते मात्र लिहिलं न्हाई. वहिनीनं चार ओळी त्यावरच लिहिल्या असत्या. खोकला थांबला की जल्दी कळवा. धाकटीचा राग नसावा.

प्रेमला

वडीगोद्री, ता. ५ फेब्रुवारी

चि. सौ. प्रेमला हिस,
अ. उ. आ.

खोकला थांबून बारा दिवस झाले. मध थांबला नाही.

परवा तो भाकरीवरच ओतला. आधी घशाशी थोडं चरचरलं, मग करडईच्या शेतातून यावा तसा वास, आणि मग कितीतरी वेळ गोड. डोळे मिटून बसलो. पन्नाशीला आलो, पण मध म्हणजे पंचामृतातला थेंब, नाहीतर सुंठेबरोबरचं औषध. नुसता कधी खाल्लाच नव्हता.

पंचामृत कालवलं की तुझी वहिनी बोटाला लागलेला मध चाटायची. देवाच्या आधी चाटतेस, म्हणून मी दर सोमवारी रागवायचो. कसा लागतो, हे एकदाही विचारलं नाही.

नवस मोडला, हे काल देवाला सांगितलं. त्याची क्षमा मागायला हात जोडले, मागून झाली ती तिचीच.

पंचमीला येतो. रजनीचं तोंड मधाने गोड करीन, माझंही. सिराजोद्दीनला दुसरी बाटली मागितली, तर पोळं तेवढंच होतं म्हणाला. आहे तीच आणतो. अर्धी असेल. वाटेत उरली तर.

तुझा दादा,
नरहर