जोडव्यांशिवाय

प्रिय नीळकंठ,

फोनवर तू नुसतं हं-हं करतोस. शेजारी आई बसलेल्या असतात, कळतं मला, म्हणून पत्र लिहितेय. रविवारी मला दवाखान्यातून सोडणार. इथे सगळ्यांना आनंद झालाय आणि मला मात्र भीती वाटतेय.

कुष्ठरोग हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हासुद्धा मी एवढी घाबरले नव्हते. गोळ्या होत्या, डॉक्टर होते. या धर्मादाय दवाखान्यात आपल्याकडून कुणी पैसासुद्धा मागितला नाही. आता माझ्यापासून कुणाला लागण होणार नाही, असं डॉक्टरांनी तुलाही समजावलं. तू मान डोलावलीस, पण डोलावताना खुर्ची जरा मागे सरकवलीस. रागावले नाही रे, दिसलं ते सांगतेय.

शेजारच्या खाटेवर इंद्रपुरीच्या वंदनाताई आहेत. त्याही बऱ्या होऊन घरी गेल्या होत्या. घरच्यांनी छळ वगैरे काही केला नाही. ताट-पेला तेवढा वेगळा ठेवला, आणि त्या आल्या की नातवंडांना हळूच आतल्या खोलीत न्यायचे. मग तळव्याला खिळा टोचला. पाय बधिर, त्यांना कळलंच नाही, आणि त्यांच्याकडे नीट बघणारंही कुणी नव्हतं. जखम इतकी चिघळली की एक बोट गेलं. सगळे चांगले आहेत गं, पण माझ्याकडे कुणी बघतच नाही, एवढंच त्या म्हणतात.

माझ्याही पायाचं तसंच सुरू झालं ना? जोडवं बोटात रुतलं होतं, फरशीवर लाल ठिपके पडत होते आणि मला वाटलं, कुंकू सांडलंय! इथे ते कापून काढलं. आता जोडवी कायमची बंद. आई अपशकुन म्हणतील. मिसरोदच्या आपल्या बिल्डिंगमधल्या बायका तर आधी पायच बघतात.

सिस्टर आम्हाला रोज संध्याकाळी तळवे तपासायला शिकवतात. कुठे फोड, कुठे चीर, कुठे लाल झालंय का. मला आरसा दिलाय, एकटीला जमतं. तुझ्यावाचून अडणार नाही, हे खरं सांगून टाकते. पण लग्नात जोडवी घालताना माझा पाय तुझ्या हातात होता, आणि तुझे हात असे थरथरत होते की सगळा मांडव हसला. आठवतं? तसाच रोज, आईंच्या देखत, माझा पाय हातात घेऊन बघशील? ते विचारायलाच हे पत्र. जमणार नसेल तर रविवारी न्यायला येऊ नकोस, वंदनाताईंसारखं परत यायची मला फार भीती वाटते. जमणार असेल तर त्याआधी एकदा मंडीदीपच्या कामावरून सुटलास की घरी न जाता इकडे ये, सिस्टर तुला शिकवतील. हात थरथरले तरी चालेल. खुर्ची तेवढी जवळ ओढ.

तुझीच,
संपदा