चार दिवसांची वाफ

अण्णा, गेल्या आठवड्यात इथं लातूरला शवविच्छेदनात एका माणसाचं फुफ्फुस हातात घेतलं आणि तुमची आठवण आली. अशी आठवण कुणाला सांगायची तरी कशी! हदगावच्या बाजारातलं आपलं मटणाचं दुकान. मी आठ वर्षांची, बादलीत बोकडाचं फोपसं तरंगवत बसले आहे. तुम्ही हातावर चापट मारता. "खेळणं हाय का ते? दाबून बघ. कुरकुर लागतंय का? हवा हाय त्यात." मग एकदा एक फोपसं बुडालं. कलेजीसारखं लाल, घट्ट. "आजारी व्हतं, माय. वरून कुठं कळतंय? कापल्यावर कळतंय," म्हणत तुम्ही अख्खं बोकड पुरलंत. आई दिवसभर धुसफुसत होती, मला मात्र तुमचा केवढा अभिमान वाटला!

त्या माणसाचं फुफ्फुसही तसंच होतं, कलेजीसारखं. विषाणूचा न्यूमोनिया. आज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर हवेच्या पिशव्यांना आतून काचेसारखं गुलाबी अस्तर चढलेलं. बाहेरून कितीही ऑक्सिजन द्या, रक्तापर्यंत पोचायला वाटच नाही. काही ठिकाणी वण धरायला लागला होता. आजार किती दिवस मुरला, याचाही त्यावरून अंदाज येतो. दुपारी त्याची बायको शिरूर अनंतपाळहून रिपोर्टसाठी आली. "म्याडम, चार दिस म्या घरीच वाफ दिली. माझ्यामुळं गेले का ओ?" मी तिला जवळ बसवलं, हात धरला. "न्हाई बाई, तुमच्यामुळं न्हाई." ती पोटभर रडली. लवकर आणलं असतं तर, हे तिनं विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही.

स्वाइन फ्लूच्या साथीत तुम्ही फोनवर खोकत होता. मी डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला, आणि शहाणपण ओसंडून चाललेलं. म्हणाले, "साधी सर्दी आहे अण्णा, वाफ घ्या." लेकीचा शब्द म्हणून तुम्ही चार दिवस वाफच घेतलीत. पाचव्या दिवशी नांदेडला नेलं, तेव्हा तुम्हाला बोलताही येत नव्हतं. तुम्ही गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, फुफ्फुस तपासू का? आईनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "नको, अण्णांना कापू नका." आई अजून सगळ्यांना सांगते, "लेकीचा लई जीव, तिनं कापू दिलं न्हाई." तुम्हाला लिहिलेलं हे पत्रही मी तिच्यापासून लपवून ठेवणार आहे. जीव होताच, अण्णा. पण कापल्यावर कळतं, हे तुम्हीच शिकवलं होतंत, आणि तुमच्या फुफ्फुसात माझे ते चार दिवस सापडतील, याची मला भीती वाटली होती.