डावीकडचा पखवाज

रोहा, मंगळवार

प्रिय शरीफ,

रघुनाथचा सलाम, नमस्कार, आणि या वयात आणखी जे काही पोचतं करता येईल ते सगळं. जमिलावहिनींच्या गुडघ्यांना उतार असेल अशी आशा. तुझ्या नातीला, झोयाला, गोड पापा. तिने रांगता रांगता स्पीकरच्या जाळीत बोटं घातली नसती, तर वहिनींनी तू बहारीनहून आणलेला स्टीरिओ सेट घराबाहेर काढला नसता आणि तो पेणहून टेम्पोत बसून रोह्याला माझ्याकडे आला नसता. आमच्या प्रकृत्या उत्तम. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुझं बोलणं हल्ली निम्मंच पोचतं. (आमच्याकडचा टॉवर, दुसरं काय. सिमकार्ड बदललं तरी तेच.)

तुला आठवत असेल, सहा वर्षांपूर्वी दादा गेला, त्याच्या तेराव्यानंतर तू मला पेणला नेऊन तुझ्या खुर्चीत बसवलंस आणि गागोद्याच्या सप्ताहाचं रेकॉर्डिंग लावलंस. सुट्टीवर आला होतास तेव्हा दोन माइक लावून केलेलं. मी डोळे मिटले आणि स्पीकर नाहीसेच झाले. मध्ये लतिका गवळण म्हणत होती (तेव्हा तिचा आवाज माझ्याशी बोलतानाही तसाच असायचा), उजवीकडे माझी पेटी, जी त्या दिवशी उत्तम वाजली होती, आणि डावीकडे, जरा मागे, देवळाच्या खांबाला टेकून दादाचा पखवाज. हात लांब केला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता. तोच दादा मला माझ्या घरात हवा आहे. बाकी काही मागणं नाही.

तुझं सगळं ऐकलं. "भितीला चिकटवू नको रे, चार फूट पुढं घे, नायतर आवाज चपटा व्हतो," म्हणालास, म्हणून दोन्ही स्पीकर चार फूट पुढे घेतले. आमचा हॉलच बारा फुटांचा. शेजारच्या सगुणाबाईंना विरजण मागायला आत जायचं तर डाव्या स्पीकरला अर्धी प्रदक्षिणा पडते, आणि परवा त्यांनी जाता जाता खरोखरच नमस्कार केला. आवाज घुमतो म्हणून भिंतीवर चार गोधड्या टांगल्या, तर बाई लतिकेला हळूच विचारतात, "कोनाचं बाळंतपण हाय गो?" अँप्लिफायर चांगला तापतो हे माझ्याआधी लतिकेला कळलं, वहिनींनी पाठवलेले पोह्याचे पापड सादळले होते, ते तिने त्यावर पसरले. (पापड झकास झाले. दादा आला नाही.)

मग ऐकणाऱ्याची जागा. दोन स्पीकर आणि आपलं डोकं, तिघांत सारखं अंतर हवं. सुतळी धरून मोजलं, तर डोकं नेमकं झोपाळ्यावर आलं. झोपाळा लतिकेच्या माहेरचा, तो काढायची माझी काय बिशाद! झोका घेतला की अंतर बिघडतं, म्हणून खिडकीच्या गजाला बांधून टाकला. लतिका म्हणते, बांधलेला झोपाळा म्हणजे नुसतं बाकडं. इतकं करूनही ती रेकॉर्डिंगमध्ये मध्यावर उभी राहत नाही, सरकून माझ्या पेटीशेजारी जाते, आणि दादाचा पखवाज पलीकडच्या आळीत गोधडीखाली वाजवल्यासारखा. वायरी बदलल्या, स्पीकरखाली पाट दिला, तुझ्या सेटला चार शब्द सुनावले. उपयोग शून्य.

रविवारी लतिका भाजी निवडून दमली आणि झोपाळ्यावर येऊन टेकली. गवळण सुरू झाली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, "भावोजी बसलेत की तिथं, खांबाला टेकून." बोट डावीकडे. मला राग आला, शरीफ. सख्खा भाऊ माझा, आणि येतो हिच्यासाठी! खोटं कशाला सांगू, रडू फुटायचं तेवढं राहिलं होतं. सेट बिघडलेला आहे असं जाहीर करून मी बटण बंद केलं. तरी टेम्पो पाठवून तो परत न्यावा.

वहिनींना नमस्कार सांग, आणि पापडांचा पुढचा डबा टेम्पोतूनच धाड.

तुझा,
रघुनाथ

ता. क. टेम्पो पाठवू नकोस. आज सकाळी लतिका बाजारात गेली असताना मी झोपाळ्यावर उलटा बसलो, स्पीकरकडे पाठ करून. (झोपाळ्याला ही सोय असते.) आणि दादा आला! बोटाच्या थापेसकट, स्वच्छ, पण उजव्या कानाशी. माझी पेटी मात्र गेली. मग फोन उजव्या कानाला लावून पाहिला, तर टॉवरही सुधारला. तीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी शिफ्ट केल्या, त्यात डावा कान कंपनीतच राहिलेला दिसतो. गुरुवारी ये आणि मला पेणच्या कानाच्या डॉक्टरकडे ने. एकट्याने जायची भीती वाटते. तो काही होणार नाही म्हणाला, तर दादा डावीकडे पुन्हा बसायचा नाही. लतिकेला सांगू, वायर आणायला चाललोय. तिला यातलं काही कळता कामा नये. पत्र पोस्टात टाकायला तिच्याकडेच देतोय, पण ती दुसऱ्याची पत्रं वाचत नाही.

ता. क. २. शरीफभाई, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं. दोन वर्षं झाली, मी यांच्या उजव्या बाजूनेच चालते, जेवायलाही उजवीकडेच बसते. गुरुवारी नक्की या, वायरचं मी खरं मानेन. डॉक्टर नाही म्हणाले, तर दोन स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून द्या. भावोजी उजवीकडे बसले म्हणून काय परके होणार आहेत? पेटी ऐकू यायची नाही, पण ती तशीही बेसूरच होती. — लतिका