लाल शाईची नोंद

सातारा, १२ फेब्रुवारी

प्रिय वीरधवल,

प्रिय हा शब्द सवयीनं लिहिला गेलाय, त्यात माया शोधू नकोस. तुझा फोन मी तीनदा घेतला नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मीही रागाच्या भरात नको ते बोलून बसते. आबांचं फौजेतलं सर्व्हिस बुक मी तुला देणार नाही. रविवारी गावात आबांच्या नावाच्या कमानीचं उद्घाटन झालं की ते काचेच्या पेटीत ठेवायचं, आणि त्याआधी त्यातलं एक पान डिंकानं चिकटवून टाकायचं, असं तू ठरवलं आहेस. 'ताई, एका पानानं काय होतंय? आणि नाईक म्हणजे काय, हे लोकांना कळत पण नाही. सुभेदारच राहू दे,' असं तू म्हणालास. पुढच्या निवडणुकीत तुला तिकीट हवं आहे, त्यासाठी आजोबा सुभेदार असलेले बरे, हे तू बोलला नाहीस. ते मला सांगलीत राहणाऱ्या तुझ्या मित्रांकडून कळलं.

कमानीच्या फलकावर तू कोरून घेतलंस, 'सुभेदार गुंडाजी, शत्रूच्या सात सैनिकांना लोळवणारा वाघ.' वीरधवल, आपले आबा नाईक, म्हणजे हवालदाराच्याही एक पायरी खाली, म्हणूनच घरी आले. त्यांनी आयुष्यात कुणावर गोळी झाडली नाही. ते खेचरं हाकायचे. बासष्टला आणि पासष्टला वरच्या चौक्यांवर पीठ, रॉकेल, दारूगोळा पोचवायचे. शेवटच्या वर्षी त्यांना तुझ्या मुलाचं नाव आठवत नव्हतं, पण आपल्या खेचराच्या खुरावरचा नंबर ते घडाघडा म्हणायचे. 'लय गुणाचं जनावर. माज्यापरास शिस्तीचं.' तुझ्या दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर ते हे सांगू लागले की तू म्हणायचास, 'आबा, खेचराचं राहू द्या, लढाईचं सांगा की.' मग ते गप्प बसायचे. त्यांना गप्प बसलेलं मी तुझ्याच घरी पहिल्यांदा पाहिलं.

जे पान तुला चिकटवायचंय, त्याच्याबद्दल तुला काय माहीत आहे? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आबा रजेवर गावी होते. तीन दिवसांनी रजा संपत होती. ते गेले नाहीत. पाटणच्या पुढे रस्त्यावर दरडी आल्या होत्या, म्हणून गावातली दोन तट्टं घेऊन ते डोंगरातल्या वाड्यांवर तंबू आणि धान्य पोचवत राहिले. ओझं दोन्ही बाजूंना सारखं कसं बांधायचं, हे त्या मुलखात त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं. एकोणीस दिवस उशिरा पलटणीत हजर झाले. तार करायची राहिली. सात दिवसांची कैद झाली, बुकात लाल शाईनं नोंद झाली आणि मिळायची हवालदारकी गेली ती गेलीच. याबद्दल मी त्यांना कुरकुरताना कधी ऐकलं नाही. म्हणायचे, 'साहेबाचं बरोबर हाय. धा गडी असं घरी बसलं तर वरच्या चौकीवर खायाला कोन पोचवनार? आन् माजंबी बरोबर हाय. कवा कवा दोनी बरोबर असतंय.'

आता मला न्यायानं लिहायला हवं. चार वर्षं आबांना तू सांभाळलंस. त्यांना अंघोळ घातलीस, शेवटी अंथरूणही साफ केलंस. मी कॉलेजचे पेपर तपासायचे राहिलेत असं सांगून महिन्यातून एका रविवारी यायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायची. तुझ्यावर इतकं रागवायचा हक्क मला आहे का, हा प्रश्न मी गेले आठ दिवस स्वतःला विचारते आहे. हक्क नसेल. पण राग आहे, आणि तो कोंडीबांमुळे आहे.

कमानीच्या पायाभरणीला ते ऐंशी वर्षांचे गृहस्थ काठी टेकत आले होते. तू भाषणात सुभेदार म्हणालास, तेव्हा ते खालूनच बोलले, 'आवं, गुंडातात्या नाईक व्हता. सुभेदार कवा झाला?' माईकवरून तू म्हणालास, 'म्हातारबा, सकाळी काय खाल्लं त्ये तुमाला आठवंना, आन् फौजेचं सांगताय व्हय?' चाळीस माणसं हसली. भूकंपात कोंडीबांच्या आईची मांडी मोडली, तेव्हा तिला आबांनीच तट्टावर बांधून पाटणच्या दवाखान्यात नेलं होतं. खरं बोलणाऱ्या त्या एका माणसाला तू आबांच्याच नावानं खोटं पाडलंस. ते खाली बघत निघून गेले. मी पहिल्या रांगेत बसले होते, बुक माझ्या पिशवीत होतं, आणि मी उठले नाही.

का उठले नाही, ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे. फलकावरची ती ओळ तुझी नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकात मी आबांवर लेख लिहिला होता. खेचरं हाकणाऱ्या नाईकाला बक्षीस मिळेल असं मला वाटलं नाही. म्हणून सुभेदार मी केलं, ते सात सैनिक मी मारले, आणि लाल शाईचं पान बघूनही मी ते गाळलं. पहिलं बक्षीस मिळालं. तू नववीत होतास. तो लेख पाठ करून तू वक्तृत्व स्पर्धेत म्हटलास, आणि तुला तो खरा वाटला. पुढं बुक बघून खरं कळलं, तरी तू माझ्याच लेखाला धरून राहिलास. मी आबांना तो मोठ्यानं वाचून दाखवला होता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, 'गडी चांगला हाय गं. कोन म्हनायचा ह्यो?' मला वाटलं चेष्टा करताहेत, मी हसले. त्या दिवसाची डायरी मी या आठवड्यात काढून पाहिली. तिच्यात मी लिहिलंय, 'आबा खूश झाले.' रविवारी मी कोंडीबांना घरून घेऊन येणार आहे आणि त्यांच्याशेजारी उभी राहून सगळं सांगणार आहे, आधी माझ्या लेखाचं आणि मग तुझ्या फलकाचं. तू फलक बदललास तरी सांगणार. लोक हसतील, तेव्हा आधी मला हसतील. तुला मात्र हे माईकवरून कळू नये.

रागावलेली, तरीही तुझीच,
राजेश्वरीताई