काळी थैली

नेरूळ,
५ सप्टेंबर १९९६

प्रिय अंकुशभावोजी,

सप्रेम जय भीम. माझं पत्र बघून दचकू नका. इतक्या वर्षांत या घरातून तुम्हाला पत्र आलं नाही, हे मला माहीत आहे. रिकाम्या काडतुसांची काळी थैली गावच्या पोपटने रविवारी पोचवली. त्याचा ट्रक कळंबोलीला लोखंड भरायला लागला होता, म्हणून चहासुद्धा घाईतच घेतला. गावी भात पोटरीला आलंय आणि रानडुकरांनी खालचं शेत तुडवलंय, असं सांगत होता. ते ऐकून ह्यांनी लगेच मला चिंच भिजत घालायला लावली.

आमच्याकडे हे काम कसं चालतं, ते तुम्ही कधी बघितलं नाही. बुडातल्या फुटलेल्या टोप्या काढून झाल्या की पितळी काडतुसं चिंच-मिठाच्या कोमट पाण्यात टाकायची, आतला दारूचा काळा थर काथ्याने घासायचा, मग गॅलरीत पेपरवर उन्हात मांडायची. बाजारातलं पॉलिश ह्यांना चालत नाही. त्याने पितळ ठिसूळ होतं, असं बाबा पलटणीतून शिकून आले होते. एकदा शेजारच्या सरोजिनीताईंनी विचारलं, "एवढे छोटे पेले कुठून आणलेस गं?" मी म्हटलं, "गावचे आहेत."

बाबांच्या माघारी बंदूक तुमच्या नावावर झाली, आणि पुढच्याच वर्षी ते भेगाळलेलं काडतूस फुटलं. उलटा भडका आला, गाल फाटला, डोळा थोडक्यात वाचला. दवाखान्यात तुमच्या उशाशी बसून हे म्हणाले, "बंदूक पोलिसात जमा कर." तुम्ही म्हणालात, "फ्लॅटात बसून सांगाया काय जातंय? शेत राखाया तू येनार हायस?" त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं. पण हंगाम आला तसा ह्यांनी पोपटकडे निरोप दिला, की पुन्हा दारू भरायच्या आधी काडतुसं माझ्याकडे पाठव. आणि तुम्ही ती पाठवलीत. तेव्हापासून दर पावसाळ्यात थैली येते, जाते, आणि बरोबर एक शब्द नसतो. घासलेल्या पितळावर केसाएवढी चीरही दिसते. तशी दिसली की हे ते काडतूस हातोडीने चेपूनच टाकतात, चुकूनसुद्धा तुमच्या हाती पडू नये म्हणून.

या वेळी ह्यांनी 'चांगली' म्हणून बाजूला काढलेल्यातलं एक मी सहज उचललं. बुडाशी चीर होती. दुसरं घेतलं, त्यालाही. पहिलं ह्यांच्या हातात देऊन म्हटलं, "बघा बरं." ह्यांनी ते खिडकीकडे धरलं, बराच वेळ फिरवलं. "चांगलंय की," म्हणाले. मी दुसरंही त्यांच्या हातात ठेवलं. मग हळूच म्हणाले, "शालन, मला दिसत नाही गं."

साखरेने डोळ्यांचे पडदे खाल्ले, भावोजी. वाशीच्या डॉक्टरांनी आम्हाला काल स्पष्टच सांगितलं, जी नजर गेली ती परत यायची नाही. महापेच्या कंपनीत हे कितीतरी दिवस अंदाजाने वावरत होते, आणि मला पत्ता नव्हता. घरी येताना रिक्षात एवढंच बोलले, "अंकुशला कळवू नकोस. तो थैली पाठवायचा बंद होईल."

म्हणून हे पत्र त्यांच्या नकळत लिहितेय. यातलं एकही काडतूस मी परत पाठवणार नाही. पनवेलच्या दुकानातून नवी घ्या. आणि पोपटला पाठवू नका, तुम्ही स्वतः या. फक्त एक ध्यानात धरा. तुम्ही दोघं भाऊ सारखेच. समोरासमोर बसाल, मान खाली घालाल आणि गप्प राहाल. आता तसं चालायचं नाही. दारातूनच त्यांना हाक मारा. तुम्ही बोललात, तरच त्यांना कळेल कोण आलंय.

तुमची वाट बघणारी,
तुमचीच
शालनवहिनी