समोर बघा

आबा,

तुमच्यावर चिडूनच लिहायला बसलेय, तेव्हा आधीच सांगते, गोडधोड काही वाचायला मिळणार नाही. माणूस जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसला राग, असं आई म्हणाली असती. पण राग आहे. काल पुन्हा उफाळून आला. उरणच्या ज्या गोदामात मी ऑफिस सांभाळते, तिथे फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांना शिकवायला कंपनीने डोळ्यांवर बांधायचे ते जाड चष्मे आणलेत. व्हीआर म्हणतात त्याला. बांधला की समोर खोटं गोदाम दिसतं, खोटे खोके दिसतात, आपण खोटी गाडी चालवायची, कुठे आपटली तरी कुणाचं काही जात नाही. शिकवायला आलेला साहेब माझ्या मुलाच्या वयाचा. मला म्हणतो, मॅडम, टेन्शन घेऊ नका, हे एकदम नवीन आहे. नवीन म्हणे! तो जन्मालाही आला नव्हता तेव्हा वाशीत मी याच गोष्टीचं बटण दाबत होते. त्याला हे सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर तुम्ही काय केलंत तेही सांगावं लागलं असतं.

नव्वदीच्या मधली वर्षं. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला होता आणि वाशीच्या एका शॉपिंग कॉम्प्लेक्सात व्हिडिओ गेमच्या पार्लरवर मी नोकरीला लागले होते. मालक उरणकडचे, कोकणी मुसलमान. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणायचे. त्यांनी बंगलोरच्या एका कंपनीचं मशिन आणून पार्लरच्या मधोमध बसवलं. गोल चौथरा, भोवती कमरेएवढा कठडा, आणि वरून जाड केबलला लटकणारं काळं हेल्मेट. ते डोक्यात घातलं की डोळ्यांपुढे विटांचा पूल, खाली निळं पाणी, आणि पलीकडून चालून येणारी माणसं. माणसं कसली, एकावर एक रचलेली खोकीच. पण मान वळवली की तो पूलही वळायचा, आणि त्याचंच सगळ्यांना अप्रूप. माझं काम सोपं होतं. गिऱ्हाईकाच्या डोक्यावर हेल्मेट नीट बसवायचं, "समोर बघा" म्हणायचं, आणि तो नाकासमोर बघतोय याची खात्री झाली की हिरवं बटण दाबायचं. बटण दाबताना मान जशी असेल तीच सरळ, असं ते मशिन समजायचं आणि सगळं जग त्या हिशोबाने मांडायचं. मान वाकडी असताना दाबलं, तर आतलं जगही वाकडं. दिवसातून इतक्यांदा मी ते दोन शब्द बोलायचे की चाचा मला त्याच नावाने हाक मारायला लागले होते. समोर बघा, इकडे ये. समोर बघा, चहा घे.

मग बंगलोरहून कंपनीचे इंजिनियर साहेब आले. दहा वर्षांत घरोघरी असं एक हेल्मेट असेल, लोक टीव्ही विकून टाकतील, असं ते म्हणाले, आणि मी ते एका शब्दाची शंका न घेता गिळलं. कंपनीला प्रत्येक ठिकाणाहून एकाला बंगलोरला सहा महिने शिकायला न्यायचं होतं, मशिन उघडून दुरुस्त करण्यापर्यंत सगळं. चाचांनी माझं नाव पुढे केलं. साहेबांनी चार प्रश्न विचारले आणि हो म्हणाले. आबा, आपल्या कोपरखैरण्याच्या खोल्यांतली एक तरी मुलगी तोवर तुर्भ्याच्या पलीकडे एकटी गेली होती का? मी बंगलोरला जाणार होते. फक्त मुलगी म्हणून संमतीपत्रावर वडिलांची सही हवी होती. चाचा म्हणाले, तुझ्या अब्बांनाच बोलव, एकदा डोळ्यांनी बघू देत, मग ते हसत हसत सही करतील. मी तुम्हाला शनिवारी दुपारी बोलावलं, आणि येताना कपडे बदलून या, असं दोनदा सांगितलं.

तुम्ही कांदा-बटाटा मार्केटातून थेट आलात. अंगाला तागाच्या पोत्यांचा वास, केसांत कांद्याची सालं, खांद्यावर तो मळका टॉवेल, आणि पोतं उचलायचा आकडा कमरेला तसाच खोचलेला. मुद्दाम आला होतात ना? कधी विचारलं नाही, आज विचारते. पार्लरात कॉलेजची पोरं होती, साहेब होते, आणि मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. चाचांनी तुम्हाला चौथऱ्यावर चढवलं. तुम्ही आधी हेल्मेट दोन्ही हातांनी तोलून पाहिलंत, पोतं तोलतात तसं, आणि मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्याची चुंबळ वळलीत आणि डोक्यावर ठेवलीत. त्या चुंबळीवर हेल्मेट. पोरं फिदीफिदी हसायला लागली. साहेबही हसले. मी बटण दाबलं. तुम्ही एक पाऊल टाकलंत, दोन्ही हात हवेत फिरवलेत, आणि कठड्याला धडकून मटकन खाली बसलात. ओल्या फळीवरून पाठीवर पोतं घेऊन ट्रकवर चढणारा माणूस, आयुष्यात कधी पाय घसरला नाही, असं अभिमानाने सांगणारा माणूस, गालिच्यावर बसला. मग पार्लर दणाणलं. तुम्ही हेल्मेट काढलंत, टॉवेल तिथेच विसरलात, साहेबांना हात जोडलेत आणि म्हणालात, "साहेब, हे टिकायचं न्हाय. माझी पोरगी यात जायची न्हाय."

संपलं. एका वाक्यात माझं बंगलोर संपलं. मला विचारलं नाहीत, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. चाचांनी समजावलं, साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तुम्ही ढिम्म. घरी येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. तुमच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तरी कोपरीचा स्टॉप गेल्यावर न राहवून विचारलं की का टिकणार नाही, तुम्हाला त्यातलं काय कळतं. मला वाटलं ओझ्याचं सांगाल. माथाडी माणूस, नावातच माथा, डोक्यावरचं वजन किती वेळ सोसतं ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक. पण ओझ्याचं तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. म्हणालात, "ओझ्याचं काय न्हाय गं. आत गेलं की भायेर कोन हसतंय, ते दिसत न्हाय. असल्या खेळात मानूस फार दिस ऱ्हात न्हाय." मग तुम्ही मला विचारलंत, "तू हसलीस का गं?" मी नाही म्हटलं. तुम्ही मान हलवलीत आणि पुढच्या स्टॉपला आपण उतरलो.

आणि मग तुमचंच खरं झालं, हा तर कळस! दोन-तीन महिन्यांत नव्याची नवलाई सरली. एकदा खेळून गेलेला परत फिरकेना. कुणाची मान दुखायची, कुणाला मळमळायचं, केबल सारखी तुटायची. वर्ष-दीड वर्षात चाचांनी मशिनवर प्लॅस्टिक घातलं आणि त्यापुढे कॅरमची टेबलं लावली. आपल्या चाळीत जो तो म्हणायला लागला, आबांना आधीच कळलं होतं, पोरगी थोडक्यात वाचली. वाचली! तुम्ही तंबाखू चोळत गालात हसायचात. मला मार्केटातल्या एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर फोन घ्यायला बसवलंत आणि वर म्हणायचात की कांदा टिकतो. माझ्या जागी ठाण्याचा एक जण बंगलोरला गेला होता. ती कंपनी बंद पडली, पण तो काही परत आला नाही. हातात काम होतं, दुसऱ्याने बोलावलं, तिथेच राहिला. मशिन टिकणार की नाही हा एक प्रश्न होता आणि मी जावं की नाही हा दुसरा, आबा. तुम्ही दोन्हींची एकच मोळी बांधलीत आणि माझ्या डोक्यावर दिलीत. आणि तुम्ही विसरलेला तो टॉवेल? त्याची चुंबळ चाचांनी मशिन बंद पडेपर्यंत प्रत्येक गिऱ्हाईकाला दिली. खाली मऊ लागतं म्हणून लोक खूश असायचे. ही अक्कल कुणाची, हे मी कुणालाही सांगितलं नाही.

बरं, ते तरी धड मेलं का? तेही नाही. मध्ये काही वर्षं सामसूम, मग परत तीच बातमी, आता खरंखुरं येतंय, आता घरोघरी. मग परत सामसूम. आता माझ्याच घरात आलंय. मुलाने पहिल्या पगारातून खेळायला घेतलं, महिनाभर उलव्याच्या आमच्या हॉलमध्ये हात फिरवत नाचला, खुर्ची पाडली, फुलदाणी फोडली, आणि आता तो खोका कपाटावर पडलाय. म्हणजे परत तुम्हीच जिंकलात, असं तुम्ही म्हणाल. पण मी नाही मानत. ज्याला टिकायचंच नाही ते दर काही वर्षांनी उठून परत कशाला येतं? आणि येतं ते दर वेळी आधीपेक्षा हलकं होऊन. वजन कमी झालं, मळमळ कमी झाली, केबल गेली. काल तर ते गोदामात कामाला लागलं. खेळ म्हणून त्याचं काय होईल, ते मला आजही छातीठोक सांगता येत नाही. मुलाला विचारलं, बंद का केलंस, तर म्हणाला, आई, त्यात एकटं वाटतं, मित्र घरी आले की कुणी एकाने आंधळं व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याचा व्हिडिओ काढायचा. मी चरकलेच. तुम्ही बसमध्ये जे म्हणालात तेच हा पोरगा सोफ्यावर लोळत म्हणाला, आणि तुम्ही तर त्याला पाहिलंही नाहीत. डोकं फिरलं माझं. तुम्ही बरोबर असलात की मला जास्त राग येतो.

आता काल काय झालं ते. शिकायला आलेल्यांत एक वयस्कर लोडर होते, आपल्या साताऱ्याकडचेच, पन्नाशी उलटलेले. पोरासोरांसमोर संकोचले होते. साहेबाने त्यांच्या डोक्यावर चष्मा चढवून पट्टा आवळला मात्र, डोक्याला भार लागल्याबरोबर त्यांची मान आपोआप खाली गेली. हनुवटी छातीला, नजर पायापुढच्या दोन फरश्यांवर. जन्मभर मानेवर पोतं घेणारा माणूस दुसरं काय करणार? साहेबाचं लक्ष लॅपटॉपमध्ये, बोट बटणावर. मी खुर्चीवरून उठून ओरडलेच, "दादा, मान वर करा. समोर बघा." त्यांनी मान वर केली, साहेबाने बटण दाबलं, आणि ते गृहस्थ पंधरा मिनिटं खोटी गाडी चालवत राहिले. एक खोका आपटला नाही. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाला, मॅडम, तुम्हाला कसं कळलं? मी माझ्या टेबलावर येऊन बसले आणि एकच चलान पुन्हा पुन्हा तपासत राहिले.

मला तेव्हाही कळलं होतं, आबा. चुंबळीवर हेल्मेट आलं आणि तुमची मान खाली गेली. मी बघितली ती. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला जे दोन शब्द म्हणायचे ते तुम्हाला म्हटले नाहीत, कारण म्हटले असते तर आवाजावरून त्या पोरांना कळलं असतं की मी तुमची मुलगी, आणि मला ते एकदाचं उरकायचं होतं. मान खाली असतानाच बटण दाबलं. तुम्ही सरळ बघायला मान उचललीत तेव्हा पूल सुटून डोळ्यांपुढे नुसतं आभाळ आलं असणार आणि पायाखाली काही उरलं नसणार. पुन्हा एकदा दाबलं असतं तर सगळं जागेवर आलं असतं. पण साहेब बघत होते, चूक माझी ठरली असती, आणि बंगलोर हातचं गेलं असतं. म्हणून मी तुम्हाला पडू दिलं. बंगलोर गेलंच. पुढे कुणी विचारलं की मी सांगायचे, आमचे आबा मशिनला घाबरले.

हे कुठे पाठवायचंय थोडंच. मुलाच्या खोक्यात, चष्म्याच्या खाली ठेवून देईन. तो काही उघडत नाही. राग गेलेला नाही. सही करायला हवी होती तुम्ही, मी तुमच्याशी कशीही वागले असते तरी. पण बसमध्ये तुम्ही एक विचारलं होतंत आणि मी नाही म्हटलं होतं.

हसले होते, आबा.