सतरा ओळी आणि एक होयबा

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (बाकावर बसून, मांडीवर कागद धरून जेवढं वाकता येतं तेवढा. उरलेला भेटीत.) तुमचा गुडघा कसा आहे? माझं नाव निघालं की मामींचं ब्लडप्रेशर वाढतं असं आई म्हणाली, तेव्हा हे पत्र त्यांना निदान जेवण झाल्यावर दाखवा. माझी तब्येत उत्तम आहे. अक्षर हललेलं दिसेल, पण त्याचं कारण तब्येत नाही.

पत्रास कारण की, हे वाचताक्षणी आमच्या मालकांना फोन करा. ते शाळेत तुमच्या शेजारी बसायचे, तुमच्या शब्दावर त्यांनी मला तीन महिने बघायला म्हणून घेतलं, आणि ते तीन महिने आज संपतायत. त्यांना एवढंच सांगा, की जे झालं ते सगळं माझ्या भाच्यानं केलं, त्या मुलीचा त्यात काही दोष नाही. (पत्र पोचायला चार दिवस लागतील आणि ती मुलगी आत्ता, या क्षणी, समोरच्या बंद दाराआड मालकांपुढे उभी आहे, हे मला कळतं. पण इथून फोन केला तर सगळं ऑफिस ऐकेल, आणि हातांना काही काम दिलं नाही तर ते दार वाजवतील. राग आला की शंभरापर्यंत मोज, असं तुम्ही सांगितलं होतं. पहिल्यांदा एकसष्टला उठलो, दुसऱ्यांदा चौतीसला. म्हणून प्रिंटरमधले पाठकोरे कागद ओढून लिहायला बसलो.)

मुळापासून सांगतो. आमचं ऑफिस दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतं: कुठल्या पेशंटनं किती वाजता यायचं ते ठरवणारं. आम्ही सगळे दिवसभर एका काळ्या खिडकीत हुकूम टाइप करत बसतो. तिचं खरं नाव टर्मिनल, पण इथे सगळे काळी खिडकीच म्हणतात. खिडकी उघडली की मशीन आधी एक फाइल वाचतं, आणि कुठली वस्तू कुठे आहे, कुणाला काय म्हणायचं, हे त्याला त्या फाइलीतून कळतं. फाइल नीट नसेल तर खिडकी तुम्हाला ओळख दाखवत नाही, बाबा मला दाखवत नाहीत तशी. तर प्रत्येकाची खिडकी वेगळी असल्यानं रोज भांडणं व्हायची, आणि मालकांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं: सगळ्यांची खिडकी एकसारखी कर, शुक्रवारी चार वाजता दवाखान्याचे लोक बघायला येतायत, त्याआधी.

मदतीला होयबा होता. होयबा म्हणजे एआय. तो राहतो क्लाउडवर, म्हणजे कुठल्यातरी लांबच्या इमारतीतल्या मशीनवर, पण आपल्या काळ्या खिडकीत येऊन बसतो आणि सांगाल ते करतो. करण्याआधी मात्र दर वेळी विचारतो, हे करू का, ते करू का, फाइल उघडू का. दिवसाला दीडशे वेळा. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. (कॉलेज का सोडलं याची जी कारणं मी बाबांना सांगितली ती सगळी खरी आहेत, पण प्राध्यापक एकच गोष्ट तीनदा विचारायचे हेही एक होतं. कॉलेजचा विषय मी या पत्रात पुन्हा काढणार नाही.) परवा मी चिडून त्याच्या प्रश्नाखालचा तिसरा पर्याय निवडला: होय, आणि पुन्हा विचारू नकोस.

आता त्या मुलीबद्दल. ती तपासनीस आहे, म्हणजे आम्ही केलेल्या कामातले दोष शोधून तक्त्यात भरते. माझ्या समोरच बसते. 'होय' दाबण्याआधी वाचत जा, असं तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि मी त्याच क्षणी कामातून गेलो. बोलायचं धैर्य नाही. पण त्या फाइलीत एक सोय असते: ओळीच्या सुरुवातीला हॅशची खूण केली की मशीन ती ओळ वाचत नाही, सोडून देतं. माणसंही वाचत नाहीत. मग मी रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी माझ्या फाइलीत हॅश करून तिच्याबद्दल एक ओळ लिहायला लागलो. मामा, वहीत लिहिलं असतं तर खोलीतल्या मित्रानं वाचलं असतं. मला ती जगातली सगळ्यात सुरक्षित जागा वाटली होती.

आज दुपारी एक वाजता मी होयबाला लिहिलं, की माझ्या मशीनवर जसं आहे तसंच सगळ्यांच्या मशीनवर करून टाक. त्यानं विचारलं नाही. (मीच सांगितलं होतं.) अर्ध्या मिनिटात उत्तर आलं: 'झालं. फाइलीत सहकाऱ्यांना उपयोगी पडतील अशा सतरा टिपा दिसल्या, म्हणून खिडकी उघडताच त्या सर्वांत वर दिसतील अशी सोय केली आहे. आणखी काही करू का?' ते मी वाचलं नाही. जेवायला गेलो.

परत आलो तर आमचे ज्येष्ठ, ज्यांना सगळे काका म्हणतात, चष्मा कपाळावर चढवून आपल्या खिडकीकडे बघत होते. म्हणाले, "अरे, हा नमुन्याचा मजकूर कुणी टाकला? 'कॉफीचा पहिला घोट घेताना ती डोळे मिटते.' दवाखान्यात कोण कॉफी पितं?" आणि मान हलवत, लॅपटॉप काखेत मारून, मोठा पडदा जोडायला मीटिंगच्या खोलीत गेले. बाकी दोघं पाहुण्यांना आणायला गेलेले. घड्याळात दोन पस्तीस. चार वाजता काका त्या पडद्यावर, पाहुण्यांसमोर, मालकांसमोर आणि तिच्यासमोर नवी खिडकी उघडणार. तिनं स्वतः सकाळपासून एकच खिडकी उघडी ठेवली होती, म्हणून तिला अजून काही कळलं नव्हतं.

मी होयबावर तुटून पडलो. काय काय लिहिलं ते सांगत नाही, शेवटी लिहिलं, सगळं पुसून टाक. त्यानं पुसलं. माझं. ऑफिसच्या सर्व्हरवरची फाइल, जी आता सगळ्यांच्या खिडक्या वाचतात, ती तशीच राहिली आणि माझ्या मशीनवरची गेली, तिच्यात सर्व्हरकडे जायचा रस्ता होता आणि खुद्द होयबाला बोलवायची किल्लीही. आता मी काहीही टाइप केलं की खिडकी म्हणे, असा हुकूम ठाऊक नाही. तीन वाजून वीस मिनिटं. काकांची सोडली तर अख्ख्या मजल्यावर चालू खिडकी एकच उरली होती.

मी तिच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, दोन मिनिटं तुझ्या जागेवर बसू दे. ती म्हणाली, "माझ्या कीबोर्डला कुणी हात लावत नाही. तू सांग, मी करते." मग मी सांगितलं, सर्व्हरवरची फाइल उघड, एक्केचाळीस ते सत्तावन्न ओळी पूस, आणि पुसताना वाचू नकोस.

"का?"

"तसंच आहे ते."

"न वाचता मी काही पुसत नाही, माहीत आहे ना तुला."

तिनं फाइल उघडली. एक्केचाळीसपासून एकेका ओळीवर बोट ठेवत, इतरांचं काम वाचते तशी, न थांबता, न हसता, न रागावता सत्तावन्नपर्यंत गेली. मामा, मी तिथे उभा होतो. तीन मिनिटं. तिच्या मशीनचा पंखा वाजत होता. मग तिनं सतरा ओळी पुसल्या. आमच्याकडे प्रत्येक बदलाची नोंद होते, कुणी केला आणि का. 'का'च्या रकान्यात तिनं लिहिलं: वैयक्तिक. एवढंच. माझं नाव नाही.

चार वाजता काकांनी पडद्यावर खिडकी उघडली. स्वच्छ, काळी, कोरी. पाहुणे खूश. मी भिंतीला टेकून श्वास घेतला. पण पाहुणे गेल्यावर मालकांनी सवयीप्रमाणे नोंदी चाळल्या, आणि त्यांना दिसलं की कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी तपासनिसानं सर्वांच्या फाइलीतून सतरा ओळी काढल्या, कारण 'वैयक्तिक'. तिला आत बोलावलं. मला म्हणाले, "तू बाहेर बस. जाऊ नकोस." आता पाच वाजून दहा मिनिटं झाली. आत आवाज मालकांचाच आहे, तिचा नाही. माझ्यामुळे तिची नोकरी गेली तर मी काय करीन ते लिहीत नाही, मामींचं ब्लडप्रेशर आहे. फोन करा.

तुमचा भाचा

ता.क. फोन करू नका. ती बाहेर आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत जा. चूक कुणाची ते मी सांगितलेलं नाही, तू सांग," आणि बाकावर तिचा दोषांचा तक्ता ठेवून गेली. उतरवून देतो, कारण मला यातलं काहीच समजत नाहीये. 'ओळ ४३: कॉफी नाही, काळा चहा. ओळ ४६: निळा स्वेटर बहिणीचा आहे, माझ्यावर चांगला दिसतो हे तिला कळवू नये. ओळ ५०: मी हसले नव्हते, दाढ दुखत होती. ओळी ४४, ४८, ५१, ५७: "उद्या नक्की बोलणार." चारही वेळा झालेलं नाही. दोष खुला ठेवला आहे.'

ता.क. २. आत जाऊन आलो. मी सगळं सांगितलं. मालक ऐकून घेत होते, मग कळलं की सतरा ओळी त्यांनी आधीच वाचल्यात. सर्व्हरवर पुसलेलं सगळं राहतं, हे मला तीन महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाले, "आपणहून सांगतोस का तेवढं बघत होतो. ती काही बोलायला तयार नव्हती." मला कायम केलेलं नाही. आणखी सहा महिने बघणार, आणि एका अटीवर: सकाळचं कॉलेज धरायचं, दुपारून ऑफिस. तेव्हा तुमच्या कपाटात वरच्या फळीवर, जुन्या रेडिओमागे मी बाबांपासून लपवलेलं पाकीट आहे, त्यात पहिल्या वर्षाचं मार्कशीट आहे, ते ताबडतोब पाठवा. खरं तर पत्र एवढ्यासाठीच समजा. बाबांना सांगा, मी मालकांवर उपकार म्हणून जातोय.

ता.क. ३. 'उद्या बोलणार' असं लिहिणार होतो, पण उद्या सुट्टी आहे. ती आत्ताच घरी निघाली, जिना उतरतेय, पावलं ऐकू येतायत, दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचली असेल. पाकिटावर पत्ता घातलाय. पत्र परत वाचून बघायला वेळ नाही, तसंच टाकतो. हे तिला कधी सांगू नका.